शाळा न सोडता हातची विद्या: नववी ते बारावीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की मार्गदर्शनासाठी फोन सुरू होतात. अंबडहून, वसमतहून, औशाहून. बोलणारे बहुतेक वेळा वडील किंवा मामा असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: पोराला कॉलेजला घालावं का आयटीआयला? माझं म्हणणं असं की हा प्रश्न दोन वर्षं आधी, नववीत जाताना विचारायला हवा. तेव्हा विचारला तर दोन्ही सोबत करायच्या वाटा मोकळ्या असतात. निकालानंतर त्यातल्या काही बंद झालेल्या असतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

शाळा चालू ठेवून व्यवसाय शिक्षण खरंच घेता येतं का?

येतं. नववी-दहावीत शाळेतच व्यवसाय विषय घेता येतो, किंवा जवळच्या तांत्रिक विद्यालयात जाऊन तांत्रिक विषय शिकता येतात. अकरावी-बारावीत विज्ञान शाखेसोबत द्विलक्ष्यी, म्हणजे बायफोकल, व्यवसाय विषय असतो. त्याशिवाय बारावीचीच व्यवसाय शाखा वेगळी आहे. शाळेच्या वेळेबाहेर अर्धवेळ किंवा सहा महिन्यांचे कोर्स करता येतात, ते निराळंच.

जमत नाही ते एकच: दोन पूर्णवेळ ठिकाणी नियमित विद्यार्थी म्हणून नाव ठेवणं. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, आयटीआयला ८० टक्के. एकच पोरगं सकाळी दहाला दोन्हीकडे हजर असू शकत नाही. कुणी 'हजेरीचं आम्ही बघून घेतो' असं सांगत असेल तर तिथून उठून या. परीक्षेच्या तोंडावर अर्ज अडला की त्रास लेकराला होतो, सांगणाऱ्याला होत नाही.

नववीत शाळा 'व्यवसाय विषय' देते म्हणतात. तो काय असतो?

समग्र शिक्षा योजनेतून काही शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये नववी ते बारावीला हे विषय चालतात. ऑटोमोटिव्ह, शेती, आरोग्य सेवा, ब्युटी अँड वेलनेस, रिटेल, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटन, प्लंबिंग असे त्यांचे प्रकार. एका शाळेत साधारण एक-दोनच असतात. शिकवायला त्या क्षेत्रातला प्रशिक्षक असतो, शाळेत छोटी प्रयोगशाळा असते आणि अधूनमधून गॅरेज, दवाखाना, नर्सरी अशा ठिकाणी भेटी असतात. हा बोर्डाचाच विषय आहे. गुणपत्रिकेवर येतो आणि गुणांत धरला जातो. लेखी पेपर लहान असतो, प्रात्यक्षिकाला वजन जास्त.

नवीन शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या, सहावीपासून मुलांची व्यवसायांशी ओळख करून द्यायला सांगितलं आहे. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभार-माळी अशा कारागिरांसोबत घालवायचे, असंही त्यात आहे. तुमच्या शाळेत हे होतं का, पालकसभेत विचारा. विचारणारे पालक असले की शाळाही मनावर घेते.

एक गोष्ट मात्र प्रवेशाआधी स्वतः बघा: प्रयोगशाळा. मुख्याध्यापकांना नम्रपणे म्हणा, 'सर, लॅब उघडून दाखवता का?' हत्यारांवर धूळ आहे की वापराच्या खुणा आहेत, हे पाच मिनिटांत कळतं. हे प्रशिक्षक मानधनावर असतात आणि कधी कधी नेमणूक लांबते. म्हणून प्रशिक्षक आहेत का, गेल्या वर्षी प्रात्यक्षिकं झाली का, हेही विचारून घ्या. विषय कागदावर असणं आणि वर्गात असणं यात फरक पडतो.

तो घेतल्यावर कोणता विषय सुटतो? पुढे अडचण येईल का?

व्यवसाय विषय एका ठरावीक विषयाच्या जागी बसतो. कोणत्या, ते शाळेकडून लेखी घ्या. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हातात राहिले की दहावीनंतरची कुठलीही वाट बंद होत नाही. विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक, आयटीआय, सगळीकडे अर्ज करता येतो.

'टेक्निकल'ला पाठवा असं मास्तर म्हणतात. ते काय?

शासकीय तांत्रिक विद्यालय, म्हणजे गावात ज्याला सगळे 'टेक्निकल' म्हणतात. ही जुनी आणि चांगली व्यवस्था आहे, पण नव्या पालकांना तिची माहितीच राहिलेली नाही. मूल आपल्या नेहमीच्या शाळेतच राहतं. आठवी किंवा नववीपासून आठवड्यातले काही तास ते टेक्निकलला जातं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तांत्रिक विषय लागतात. यंत्र अभियांत्रिकीची ओळख, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सची ओळख, बहुकौशल्य असे हे विषय. पॉलिटेक्निकच्या प्रवेशात तांत्रिक विषय घेऊन दहावी झालेल्यांचा वेगळा विचार होतो. मोठा फायदा त्याहून निराळा आहे, तो एकदा जवळून बघावा लागतो.

पहिल्या महिन्यात मुलाला माइल्ड स्टीलचा एक तुकडा देतात. तो व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानशीने घासून सपाट करायचा. मग दोन कडा काटकोनात आणायच्या. घासून झालं की जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यात उजेडाची बारीक रेघ दिसली तर परत व्हाइसकडे. पोरं पहिल्या दिवशी जोर लावतात आणि मधला भाग फुगीर ठेवून कडा गोल करून बसतात. निदेशक खांद्याची जागा बदलायला सांगतात, पाऊल पुढे घ्यायला सांगतात, कानस मागे घेताना दाब काढायला सांगतात. असं करता करता एक दिवस ती रेघ नाहीशी होते. ज्या मुलाला भूमितीच्या वहीत काटकोन म्हणजे एक खूण वाटत होती, त्याला तो आता हाताला कळतो. पुढे तो डॉक्टर झाला तरी हे शिक्षण वाया जात नाही.

पाबळचा काहीतरी कोर्स आहे म्हणतात?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करत शिकावं, हा त्यांचा आग्रह. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग. मुलं वेल्डिंग करतात, वीजजोडणी करतात, मातीपरीक्षण करतात, रक्तगट तपासायला शिकतात आणि गावातल्या लोकांची अशी कामं करूनही देतात. राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांनी हा धडा घेतला आहे. तुमच्या शाळेच्या संस्थाचालकांनी अजून ऐकलं नसेल तर त्यांच्या कानावर घाला.

आमच्या गावच्या शाळेत यातलं काहीच नाही. मग?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच.

तालुक्याच्या गावी काय आहे ते बघा. टंकलेखन संस्था बहुतेक ठिकाणी असते. मराठी, इंग्रजी ३० आणि ४० शब्द प्रति मिनिट या परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि त्यांना सरकारी भरतीत किंमत आहे. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स २००१ पासून चालू आहे. दोन्ही कोर्स शाळेची वेळ सांभाळून होतात.

त्यापुढचं म्हणजे महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे कोर्स. यात सहा महिन्यांचे, एक वर्षाचे, पूर्णवेळ आणि अर्धवेळ असे प्रकार आहेत. शिवणकाम, वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, संगणक, असं बरंच काही. शाळा करणाऱ्या मुलासाठी अर्धवेळच घ्या, पूर्णवेळच्या मागे लागू नका. आणि दहावीच्या वर्षी नवीन काही सुरू करू नका. आठवीची उन्हाळी सुट्टी आणि नववी हा काळ बरा. दहावीचं वर्ष दहावीलाच द्यावं.

अकरावी सायन्सला 'द्विलक्ष्यी' घ्यावं का?

हे उत्तर थोडं लांब आहे, पण नीट वाचा. इथे झालेली चूक बारावीनंतर सहजासहजी दुरुस्त होत नाही.

द्विलक्ष्यी म्हणजे विज्ञान शाखेतच असलेला २०० गुणांचा व्यवसाय विषय. ५०-५० गुणांचे दोन लेखी पेपर, १०० गुणांचं प्रात्यक्षिक. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, स्कूटर-मोटारसायकल सर्व्हिसिंग, क्रॉप सायन्स, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय असे विषय वेगवेगळ्या कॉलेजांत आहेत. २०० गुणांचा असल्यामुळे तो दोन विषयांची जागा घेतो: इंग्रजीशिवायची भाषा आणि एक ऐच्छिक विषय.

आता हिशोब करा. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री राहिले. गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच उरतो. गणित ठेवून कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर इंजिनिअरिंगची वाट मोकळी, 'नीट'ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, बंद. जीवशास्त्र ठेवून क्रॉप सायन्स घेतलं तर नीटची मोकळी, इंजिनिअरिंगची बंद. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर द्विलक्ष्यी घेऊ नका, चारही विषय घ्या.

लातूर आणि नांदेडच्या शिकवणीच्या वातावरणात क्रॉप सायन्सकडे पुष्कळ मुलं वळतात, कारण गुण चांगले पडतात आणि गणिताचा वेळ नीटच्या तयारीला मिळतो. त्यात गैर काही नाही. पण मला मनापासून वाईट वाटतं ते यासाठी की ज्या घरी पंधरा एकर सोयाबीन-तूर आहे, त्या घरचा मुलगाही क्रॉप सायन्सचं प्रात्यक्षिक जर्नल लिहून मोकळा होतो. बियाणाची उगवणक्षमता कशी तपासतात हे तो शिकतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचं, एवढं साधं आहे ते. हे घरच्या सोयाबीनवर जूनच्या आधी करून बघितलं तर दुबार पेरणीचा धोका कमी होतो, खर्च वाचतो. विषय घेतलाच आहे तर तो शेतापर्यंत न्या. वडिलांनीही पोराला विचारावं, 'तुमच्या कॉलेजात काय शिकवलं, आपल्या रानात करून दाखव.'

बारावीची 'व्होकेशनल' शाखा कुणासाठी?

जुन्या लोकांना ती एमसीव्हीसी म्हणून माहीत आहे. किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम १९८८ च्या सुमारास सुरू झाले. पुढे त्यांची फेररचना होऊन आता त्यांना उच्च माध्यमिक व्यवसाय शिक्षण म्हणतात. तांत्रिक, शेती, वाणिज्य, आरोग्य, गृहविज्ञान असे गट आहेत. बोर्डाचीच बारावी असते, बारावी पास म्हणूनच धरली जाते.

ज्याला बारावी पदरात पाडायची आहे आणि सोबत हाताला काम हवं आहे, त्याला ही शाखा योग्य. तांत्रिक गटातून पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बी.ए., बी.कॉम. किंवा बी.व्होक.ला (व्यवसाय शिक्षणाच्या पदवीला) जाता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात दीनदयाल उपाध्याय कौशल्य केंद्र आहे, तिथे बी.व्होक. चालतं. पण बारावीनंतर थेट इंजिनिअरिंग किंवा मेडिकल डोक्यात असेल तर ही शाखा घेऊ नका, कारण त्यासाठी लागणारे विज्ञानाचे विषय इथे नसतात.

अकरावी आणि आयटीआय एकाच वेळी केलं तर?

नियमित म्हणून नाही. वर हजेरीचं लिहिलं आहेच. करायचंही कारण नाही, पुढचं उत्तर वाचा.

आयटीआय केलं तर बारावी कायमची राहिली का?

नाही राहिली. ही माहिती गावोगाव पोचायला हवी. दहावी पास होऊन दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, टर्नर असा, पूर्ण केला की बोर्डाकडून दोन भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. आठवी पासवर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला त्याच पद्धतीने दहावीची. बोर्डाच्या परीक्षा अर्जांच्या सूचनेत 'आयटीआयचे विषय घेऊन प्रविष्ट होणारे' असा वेगळा उल्लेख असतो, तो यासाठीच. याला ट्रान्सफर ऑफ क्रेडिट म्हणतात. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली जिल्ह्यांसाठी संभाजीनगरचं विभागीय मंडळ आहे. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूरचं.

ही विज्ञान शाखेची बारावी नव्हे, एवढं लक्षात असू द्या. पदवीचा प्रवेश आणि बारावी पास मागणाऱ्या भरतीसाठी तिचा उपयोग. आयटीआय करता करताच इंग्रजीचं पुस्तक रोज अर्धा तास उघडलं तर ही परीक्षा अवघड जात नाही. आयटीआय संपून कंपनीत लागल्यावर अभ्यासाची सवय मोडते, मग ती राहूनच जाते.

पोराला इंजिनिअर व्हायचंय, पण अकरावी-बारावीच्या शिकवणीचा खर्च झेपत नाही.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. किंवा दोन वर्षांचं आयटीआय, त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात, मग इंजिनिअरिंग. दुसरी वाट लांब आहे, पण त्या वाटेने आलेल्या पोराला मशीन माहीत असतं. गणित मात्र कच्चं राहतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं गणित अंगावर येतं आणि बरेच जण तिथे अडखळतात. आयटीआयच्या सुट्टीतच त्याची तयारी करून ठेवा.

संभाजीनगरात आणखी दोन संस्था ध्यानात ठेवा: चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लास्टिक तंत्रज्ञानाची सिपेट. दोन्हीकडे दहावीवर डिप्लोमा आहेत. टूल अँड डाय मेकिंग, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणं, शिकलेल्या मुलाला वाळूज, शेंद्र्याच्या वाहन उद्योगात मान आहे.

दहावीत दोन विषय राहिले. आता?

पहिल्यांदा घरात आरडाओरडा थांबवा. मग पुरवणी परीक्षेचा अर्ज भरा. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर (राहिलेले विषय घेऊन पुढे जायच्या सवलतीवर) अकरावीला प्रवेश मिळतो, वर्ष मोडत नाही. वायरमन, वेल्डर, प्लंबर अशा काही ट्रेडना आठवी पास चालतं, म्हणजे दहावी नापास मुलगाही आयटीआयला बसू शकतो. त्यातला दोन वर्षांचा ट्रेड केला तर वर सांगितलेली समकक्षता आहेच. शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी १७ नंबर फॉर्म (बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसण्याचा), महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या वाटा आहेत. राष्ट्रीय संस्थेत शालेय विषयांसोबत व्यवसाय विषयही घेता येतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर घर बंद असतं. लेकराचं कसं करावं?

बीड, जालना, धाराशिव, परभणी भागातून हा प्रश्न येतो आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचं अर्धं वर्ष त्यात जातं आणि दहावीची परीक्षा नेमकी त्यात येते. नववीतलं पोरगं फडावर नेलं की ते परत शाळेत येईलच याची खात्री नसते.

म्हणून आधी राहण्याची सोय, मग कोर्स. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. शाळांकडून हंगामी वसतिगृह चालवलं जातं. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जूनमध्येच चौकशी करा, ऑक्टोबरात कोयता उचलताना नको. ऊसतोड कामगार म्हणून नोंद आणि ओळखपत्र असेल तर काम सोपं होतं. ग्रामसेवकाकडून ते करून घ्या.

वसतिगृह तालुक्याच्या गावी असेल तर तिथेच टेक्निकल किंवा अर्धवेळ कोर्स जवळ पडतो. आणि आई-वडिलांना एक सांगणं: कारखान्यालाही फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात आणि हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या दिवसांत तर फारच लागतात. ज्या कारखान्याच्या गेटवर तुम्ही उसाची गाडी घेऊन रांगेत उभे राहता, त्याच्या आत तुमचं लेकरू पगारावर काम करू शकतं. त्यासाठी त्याची दहावी व्हायला पाहिजे.

मुलीला वेल्डिंग, इलेक्ट्रिकल असलं जमेल का?

जमतं. वेल्डिंगला स्थिर हात लागतो, तो मुलींचा असतो. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि कित्येकदा त्या भरतच नाहीत. मुलीला फक्त शिवणकाम आणि ब्युटी पार्लर दाखवून बाकीचे ट्रेड लपवू नका. इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राफ्ट्समनसुद्धा तिच्यासमोर ठेवा, निवड तिला करू द्या.

जाण्या-येण्याची काळजी खरी आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलतीत पास मिळतो. गाडीची वेळ आणि कोर्सची वेळ जुळत नसेल तर पाच-दहा पालकांनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज द्या. फेरी बदलून घेता येते.

पोरगं पंधरा वर्षांचं आहे. गॅरेजवर बसवलं तर शिकेल, शाळाही चालेल. बसवू का?

भावना कळते, पण थांबा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गॅरेजवरचं पोरगं पहिली दोन वर्षं पाने देतं आणि चहा आणतं. हाती पैसे येऊ लागले की शाळा आधी शनिवारी बुडते, मग सोमवारी. शिकायचंच तर शाळेचा ऑटोमोटिव्ह विषय किंवा टेक्निकल. कंपनीत शिकायचं तर आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी. ती १९६१ च्या कायद्याखाली होते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं.

कोणत्या ट्रेडला आपल्याकडे काम आहे?

संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा पट्ट्यात वाहन आणि सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत: फिटर, मशिनिस्ट, टर्नर, वेल्डर, सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) चालवणारे. जालन्यात सळईच्या गिरण्या आणि बियाणे कंपन्या. लातुरात डाळ आणि तेल गिरण्या, वसमत-हिंगोलीत हळद, म्हणजे प्रक्रिया यंत्रांची देखभाल करणारे आणि इलेक्ट्रिशियन. पैठणला पैठणीचे माग. सौर कृषी पंप गावोगाव बसत आहेत, त्यांची जोडणी आणि दुरुस्ती जाणणारा वायरमन आपल्या तालुक्यातच पोट भरू शकतो. पण त्याने परवाना काढलेला असावा, नुसती माहिती असून विजेचं काम करू नये.

ट्रेड निवडताना शेजारच्याचा मुलगा काय करतो हे बघू नका. मुलाला घेऊन आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक तास उभं राहा. आवाज, तेलाचा वास, उष्णता त्याला सहन होते का आणि कोणत्या मशीनपाशी तो थबकतो, ते बघा.

शेतीचंच शिकवायचं असेल तर?

दहावीनंतर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत कृषी पदविका आहेत. अकरावीत क्रॉप सायन्स किंवा पशुविज्ञान, त्याबद्दल वर लिहिलंच.

हुशार पोराला हे कशाला? हे तर कमी गुणवाल्यांसाठी असतं ना?

हा समज आपल्या भागाने फार किंमत देऊन जपला आहे. ९० टक्क्यांचं पोरगं नीटला आणि ५० टक्क्यांचं आयटीआयला, अशी वाटणी आपण करून टाकली आणि दोघांचंही नुकसान केलं. आयटीआयला जाणाऱ्याला वाटतं आपण कमी पडलो, म्हणून आलो. मग तो इंग्रजी आणि गणित सोडून देतो. दोन वर्षं नीटचा अभ्यास करून बसलेल्याला घरचा फ्यूज बदलता येत नाही, आणि प्रवेश हुकला की त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. मराठवाड्यात दर वर्षी हजारो मुलं ही परीक्षा देतात आणि सगळ्यांना जागा मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवर एखादा तांत्रिक विषय असता तर बारावीनंतरचा उन्हाळा त्यांना एवढा जड गेला नसता. हुशार पोराला तर हे आधी द्यावं, कारण ते लवकर शिकतं आणि पुढे नेतं.

खर्च किती? शिष्यवृत्ती मिळते का?

शाळेतल्या व्यवसाय विषयाला वेगळा मोठा खर्च नसतो. शासकीय आयटीआयची फी खासगीच्या मानाने फार कमी आहे. महाडीबीटी पोर्टलवर आयटीआयसाठी प्रशिक्षण शुल्क प्रतिपूर्ती आणि डिप्लोमासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. ते आधी करून घ्या.

संस्था खरी की खोटी, कसं ओळखावं?

'शंभर टक्के नोकरी' आणि 'घरबसल्या दहावी-बारावी पास' हे दोन फलक दिसले की पुढे चला. आयटीआय असेल तर तिचं नाव आणि तो ट्रेड व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश यादीत आहे का, ते बघा. संस्थेला मान्यता असते पण त्या ट्रेडला नसते, असंही घडतं. सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र कोणतं मंडळ देणार, ते विचारा, आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र बघायला मागा. पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. प्रवेश पक्का करताना जिथे मूळ कागद द्यावे लागतात, तिथे पोच घ्या.

कागदपत्रं कोणती आणि कधी काढावीत?

जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, आधार, बँक खातं. जानेवारी-फेब्रुवारीत सेतू सुविधा केंद्रात जा. निकालानंतर तिथे रांग लागते आणि तहसीलचं काम तुंबतं. आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालाच्या आसपास ऑनलाइन सुरू होतात. अकरावीचा प्रवेशही २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. दोन्हीकडे अर्ज भरून ठेवायला हरकत नाही, प्रवेश पक्का करताना एकच निवडा. अर्ज कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. पर्यायांचा क्रम मुलाने स्वतः घरी कागदावर लिहून न्यावा आणि स्क्रीनवर तोच आला आहे का, हे बघूनच बटण दाबावं. लॉगिन आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, कारण प्रवेश फेरीचा मेसेज त्याच नंबरवर येतो.